मालक म्हणून तुम्ही कुठल्या कलमात बसता?

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (वित्त),
वित्त विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : पगारातून कापलेले पैसे आणि ते खात्यात पडण्याची तारीख

महोदय,

मी कंपन्यांची आयकराची वकिली करते. पेन्शनवर तुम्हाला पत्रं येतात ती संघटनांची, आमदारांची, निवृत्त मुख्याध्यापकांची. कंपन्यांच्या वकिलाने यात नाक का खुपसावं, असं वाटलं तर ते साहजिक आहे. माझा दिवस चर्चगेटच्या आयकर भवनात, नाहीतर त्याच महर्षी कर्वे रस्त्यावरच्या अपिली न्यायाधिकरणात जातो. ज्यांच्यासाठी भांडते त्यांच्या एका वर्षाच्या वजावटीत एखाद्या तालुक्यातल्या सगळ्या गुरुजींचा पगार निघेल. सरकारी तिजोरीत चार पैसे कमी कसे जातील हे पाहण्यावर माझं पोट आहे, आणि ते मी लपवत नाही.

तरी लिहितेय. कारण वीस-बावीस वर्षं माझं काम ज्या एका प्रश्नाभोवती फिरलं, तोच प्रश्न गेल्या दिवाळीत माहेरच्या ओसरीवर निघाला. मालकाने कामगारासाठी पैसे बाजूला काढले, असं म्हणायचं कधी? त्याने वहीत लिहिलं तेव्हा, की ते पैसे खरोखर त्याच्या हातातून सुटले तेव्हा?

माहेर बार्शी तालुक्यात. वडील जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, १९९९ ला निवृत्त झाले. पेन्शनचा त्यांना त्रास एवढाच, की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागतं. तिथे चार जुने सोबती भेटतात, म्हणून त्यालाही ते त्रास म्हणत नाहीत. धाकटा भाऊ डी.एड. करून २००७ ला शिक्षणसेवक म्हणून लागला आणि तीन वर्षं मानधनावर काढून कायम झाला. म्हणजे तो १ नोव्हेंबर २००५ च्या पलीकडचा, त्या तारखेपासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. शाळांच्या स्टाफरूममध्ये ही आता जातच झाली आहे : अलीकडचे आणि पलीकडचे. फळा तोच, पटसंख्येची कटकट तीच, निवडणुकीची ड्युटी तीच. म्हातारपण तेवढं वेगळं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. “ताई, तू एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब बघतेस, माझा एक बघ.” पिशवीत शालार्थच्या, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीच्या, पगारपावत्या होत्या, डीसीपीएसच्या (२००५ नंतरच्या अंशदायी पेन्शन योजनेच्या) जमेच्या काही वर्षांच्या चिठ्ठ्या (सगळ्या वर्षांच्या नव्हेत), प्राण खात्याचा, म्हणजे एनपीएस या राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या त्याच्या खात्याचा उतारा, फॉर्म १६ हे पगाराचं आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, आणि आयकराचा २६ एएस, म्हणजे त्याच्या नावावर पोचलेल्या कराचा उतारा. मी अशिलाचे कागद लावते तसे ते महिन्यांनुसार ओसरीवर मांडले. पगारातून कपात प्रत्येक महिन्यात होती, एकही महिना सुटलेला नाही. खात्यातली जमा मात्र अडखळत चाललेली. कधी तीन महिन्यांची एकदम, कधी कर्मचाऱ्याचा हिस्सा आधी आणि शासनाचा मागून. एका वर्षात पाच महिने असे, की शासनाचा हिस्सा आलाच नाही. त्या वर्षाच्या फॉर्म १६ वर मात्र बाराही महिन्यांचा शासनाचा हिस्सा व्यवस्थित दाखवलेला.

ही फॉर्म १६ ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्याच धंद्यातली आहे. शासन जो हिस्सा भरतं तो आधी कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचा आणि मग आयकर कायद्याच्या ८० सीसीडी (२) कलमाखाली वजा करायचा, अशी रीत आहे. अधिक केलं, वजा केलं, हातात शून्य. कर वाढत नाही की घटत नाही, म्हणून त्या दोन ओळींकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण कायद्यात मिळवायचा तो ‘भरलेला’ हिस्सा. न भरलेला हिस्सा भरला म्हणून प्रमाणपत्रावर सही करणं याला माझ्या अशिलांच्या बाबतीत करनिर्धारण अधिकारी काय म्हणाला असता, ते मी इथे लिहीत नाही. भावाने संबंधित कार्यालयात विचारलं. उत्तर आलं, “अनुदान आलं नाही अजून. आलं की पडेल.”

आता तुमच्याच कायद्यांनी खासगी मालकाला कसं धरलं आहे ते ऐका. कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्याचे देते. नव्या कायद्यात ते बदलले, पण माझं आयुष्य जुन्यात गेलं आहे.

एखाद्या गिरणीने वर्षअखेरीला म्हटलं, आमच्या कामगारांची ग्रॅच्युइटी पुढेमागे द्यावी लागणार, म्हणून इतके लाख बाजूला ठेवले. वहीत नोंद केली, नफ्यातून वजा करून मागितले. १९७५ मध्ये संसदेने ४० ए (७) आणून सांगितलं, नुसत्या नोंदीला वजावट नाही. पैसे मान्यताप्राप्त निधीत टाका. तो निधी केवळ कामगारांसाठी असला पाहिजे आणि त्याचा ट्रस्ट असा हवा, की एकदा दिलेलं मालकाला परत घेता येणार नाही. का? मालक बुडाला तरी कामगाराचा पैसा त्याच्याबरोबर बुडू नये म्हणून. या कलमाविरुद्ध गिरण्यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पाहिलं आणि १९८५ मध्ये श्री सज्जन मिल्सच्या निकालात हात हलवत परत आले. माझ्या आधीची पिढी ती.

रजेच्या पैशांचं तेच. भारत अर्थ मूव्हर्सच्या केसमध्ये २००० साली सर्वोच्च न्यायालय कंपनीच्या बाजूने बोललं : शिल्लक रजेची देणी हिशेबाने काढून तरतूद केली असेल तर ती वजा मिळेल. दुसऱ्याच वर्षी सरकारने ४३ बी मध्ये, म्हणजे पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच वजावट देणाऱ्या कलमात, नवं उपकलम घालून ते बंद केलं. एक्साइड कंपनी त्याविरुद्ध लढली, कोलकात्याला जिंकली आणि एप्रिल २०२० मध्ये दिल्लीला हरली. कंपनी म्हणते ‘देऊ’, सरकार म्हणतं ‘दिल्यावर सांगा’.

पण माझ्या मनाला लागलेली केस यातली एकही नाही. ती कामगाराच्या स्वतःच्या हिश्श्याची. पगारातून पीएफ कापला की तो पैसा मालकाचं उत्पन्न धरला जातो, आणि मुदतीत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत निधीत भरला तरच १९६१ च्या कायद्यात वजा मिळायचा. आम्हा वकिलांचा युक्तिवाद असा, की चार दिवस उशीर झाला तरी रिटर्न भरायच्या तारखेआधी पैसे गेले ना, मग द्या वजावट. मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या घाटगे-पाटील ट्रान्सपोर्ट्सच्या प्रकरणात हे मान्य केलं होतं, आणि त्या निकालावर आम्ही कित्येक वर्षं निवांत होतो. गुजरात उच्च न्यायालयाने मात्र उलट कौल दिला, तोही कोणाविरुद्ध, तर त्यांच्याच राज्याच्या एसटी महामंडळाविरुद्ध. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ ला चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुजरातचं बरोबर ठरवलं. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा हा मालकाचा कधीच नव्हता, तो त्याच्या हातात विश्वासाने ठेवलेला आहे. त्याला मालकाच्या स्वतःच्या देण्याचे नियम लागू होणार नाहीत. मुदत चुकली, वजावट गेली. त्या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या टेबलावर अशा अठरा अपिलांच्या फायली होत्या. त्यात इचलकरंजीच्या बाजूचा एक छोटा कारखानदार होता. १५ तारखेला सुट्टी आली, बँकेचं चलन दोन दिवस उशिरा पडलं. पैसे पूर्ण भरलेले, व्याजासकट. तरी सगळी रक्कम त्याच्या नफ्यात मिळवून त्यावर कर लागला. तो मला म्हणाला, “मॅडम, मी चोरी केली का?” मी त्याला समजावलं, की कायद्याच्या नजरेत दोन दिवस तुम्ही दुसऱ्याचा पैसा वापरलात. बोलताना वाईट वाटत होतं. पण मनातून मला तो निकाल पटला होता, हेही सांगून टाकते. अशिलांनी हे वाचलं तर वाचलं.

आणि आयकर ही त्यातली सौम्य बाजू. उशिरा भरलेल्या पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, वर नुकसानभरपाई वेगळी. कापून न भरणाऱ्या मालकाला भारतीय दंडसंहितेच्या ४०५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणाने सरळ फौजदारी विश्वासघाताच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

आता भावाच्या पिशवीकडे परत या. त्याच्याही पगारातून पैसा कापला गेला. तोही विश्वासानेच ठेवलेला. मग इचलकरंजीच्या माणसाला जे लागू झालं ते इथे का नाही?

कारण राज्यघटनेचा अनुच्छेद २८९. राज्याच्या उत्पन्नावर केंद्र कर लावू शकत नाही. ज्याला कर नाही त्याला वजावट नाही, आणि ज्याला वजावट नाही त्याला ती जाण्याची भीती नाही. ४० ए (७), ४३ बी, ३६ (१) (व्हीए) (हे कामगाराच्या हिश्श्याचं कलम) ही सगळी चाबकाची वादी तुमच्या अंगणापर्यंत पोचतच नाही. राज्याच्या महामंडळाला पोचते. आंध्रच्या एसटी महामंडळाने १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन आम्हीही राज्यच आहोत म्हणून पाहिलं, ते चाललं नाही. म्हणजे शाळेपर्यंत माझ्या भावाला सोडणाऱ्या एसटीचा मालक उशिराबद्दल पकडला जाऊ शकतो, आणि एसटीतून उतरणाऱ्या मास्तराचा मालक नाही. (त्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरना पेन्शन मिळते ती ईपीएस-९५ या पीएफच्या पेन्शन योजनेची, जिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. भाऊ हे ऐकून गप्प बसला. त्या प्रश्नाला वेगळं पत्र लागेल आणि ते मंत्रालयात नव्हे, दिल्लीला पाठवावं लागेल.)

हे मी हवेत बोलत नाही, याचा पुरावा त्याच पिशवीत होता. एकाच पगारबिलातून भावाच्या दोन कपाती होतात. एक आयकराची, एक पेन्शनची. बिल करणारा लिपिक तोच, सही करणारा अधिकारी तोच. मी २६ एएस आणि प्राण खात्याचा उतारा शेजारी ठेवले. आयकराची कपात प्रत्येक महिन्याची प्रत्येक महिन्यात पोचलेली आहे. पेन्शनचं अनुदान ज्या पाच महिन्यांत ‘आलं नाही’, त्याच पाच महिन्यांत कर मात्र वेळेवर गेला. यात लिपिकाचा दोष मी काढत नाही. कापलेला कर उशिरा गेला तर महिन्याला दीड टक्का व्याज लागतं, आयकर खात्याची नोटीस कार्यालयाच्या नावाने येते आणि प्रकरण वाढलं तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पेन्शनचा पैसा उशिरा गेला तर काय होतं? एक मास्तर पिशवी घेऊन बहिणीकडे जातो.

उशीर झाला तरी पैसे शेवटी येतातच, असं तुमच्या विभागातून कोणी म्हणेल. जुन्या भविष्य निर्वाह निधीत ते चाललं असतं, कारण तिथे व्याज ठरलेलं. एनपीएसमध्ये पैसे ज्या दिवशी पोचतात त्या दिवशीच्या भावाने युनिट मिळतात. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ५०,००० रुपये आहेत. दहा टक्के कर्मचाऱ्याचे ५,०००, चौदा टक्के शासनाचे ७,०००, म्हणजे महिन्याला १२,००० रुपयांची खरेदी. बाजार चढत असताना ती आठ महिने लांबली तर युनिट कमी येतात, आणि ती तूट पुढची वीस-पंचवीस वर्षं चक्रवाढीने वाढत जाते. बाजाराची जोखीम कर्मचाऱ्याची, हे ठरवून दिलंत. पण बाजारात उशिरा पोचण्याची जोखीमही त्याचीच, हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलं आहे? केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०२१ च्या एनपीएस नियमांत उशिराबद्दल व्याज द्यायचं कबूल केलं आहे. भावाच्या उताऱ्यात व्याजाची अशी एकही ओळ मला दिसली नाही.

डीसीपीएसची सुरुवातच अशी झाली. ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय, आणि दुसऱ्या दिवशीपासून लागणाऱ्याची पेन्शन वेगळी. पैसे कापायची व्यवस्था तयार, ते ठेवायचे कुठे याची नाही. कित्येक वर्षं ती रक्कम राज्याच्याच हिशेबात राहिली. शासकीय कर्मचाऱ्यांची खाती २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय यंत्रणेकडे गेली, शिक्षकांची त्याहून बरीच उशिरा. म्हणजे गिरणीमालकाने १९७५ पासून जे केलं तर वजावट मिळत नव्हती, कामगाराच्या नावाचा पैसा स्वतःच्याच वहीत ठेवणं, ते राज्याने एकविसाव्या शतकात आरामात केलं.

एका गोष्टीवर मी नेमस्तपणे लिहू शकत नाही. २००५ नंतर लागलेला कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर त्याच्या बायकोला काय मिळायचं? केंद्राने २००९ पासूनच आपल्या एनपीएस कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना, तात्पुरतं म्हणत का होईना, जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दहा वर्षांच्या आत मृत्यू झालेल्यांच्या वारसांना १० लाखांचं सानुग्रह अनुदान दिलं. कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) शासन निर्णय निघाला तो ३१ मार्च २०२३ चा. जुन्या पेन्शनसाठीचा सात दिवसांचा संप मागे घेतला गेला तो २० मार्चला. म्हणजे जे चौदा वर्षांत झालं नाही ते अकरा दिवसांत झालं. खासगी कारखान्यात कामगार गेला तर त्याच्या विधवेला १९७२ पासूनच कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते, मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांच्या नोकरीची अटही नाही. भावाच्या शाळांच्या केंद्रातला एक तरुण शिक्षक २०१४ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. शिक्षकांनी वर्गणी काढली होती. भावाने पाचशे दिले होते, त्याची पावतीसुद्धा त्या पिशवीत निघाली.

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा मार्च २०२३ मध्ये बार्शीच्या तहसीलसमोर भावानेही दिली. इथे मात्र माझं आणि त्याचं जमत नाही. जुनी पेन्शन जशीच्या तशी आणा, असं मी म्हणणार नाही. वडिलांच्या पेन्शनमागे कुठलाही निधी नाही. त्या त्या वर्षीच्या महसुलातून त्या त्या वर्षीची पेन्शन द्यायची, एवढीच तिची रचना. वकील म्हणून माझ्याकडे असं वचन कोणी आणलं असतं, तर त्यामागे तारण काय, असंच मी पहिल्यांदा विचारलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या मासिकात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाने, सगळी राज्यं जुन्या पेन्शनकडे वळली तर एकत्रित बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, असं म्हटलं आहे. तो आकडा उडवून लावण्याइतकी मी भावाच्या बाजूची नाही.

पण ‘पैसा नाही’ हे वाक्य मी ज्या खुर्चीवरून ऐकते, तिथून ते फारसं खरं वाटत नाही. २० सप्टेंबर २०१९, शुक्रवार. पणजीला जीएसटी परिषदेची बैठक होती. त्याआधी सकाळी अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं, नव्या कारखान्यांना १५ टक्के. त्याच दिवशी अध्यादेश. सेन्सेक्स १,९२१ अंकांनी वर. सोडलेला महसूल, सरकारच्याच अंदाजाने, वर्षाला १.४५ लाख कोटी. शनिवार-रविवार आम्ही ऑफिसातच होतो, कुठल्या अशिलाने नवा दर घ्यायचा आणि कोणी जुन्या सवलती संपेपर्यंत थांबायचं याची गणितं मांडत. मी त्या दोन दिवसांचं बिल लावलं आणि ते मिळालंही. दर कमी केल्याने पुढे गुंतवणूक वाढली की नाही यावर अर्थतज्ज्ञ भांडोत. पण तो कर राज्यांमध्ये वाटला जाणारा आहे. तेव्हाच्या चौदाव्या वित्त आयोगाच्या सूत्राने त्यात राज्यांचे ४२ टक्के होते. पणजीत सोडलेल्या पैशात तुमचाही वाटा होता.

मला त्या घटनेतली रक्कम तितकी महत्त्वाची वाटत नाही, जितकी पद्धत. कंपनीला दिलेलं वचन अध्यादेशात लिहिलं गेलं, डिसेंबरात संसदेचा कायदा झाला, कलम पडलं ११५ बीएए. आज एखाद्या अधिकाऱ्याने तो दर नाकारला तर मी ते कलम दाखवून त्याला पाच मिनिटांत गप्प करू शकते. कर्मचाऱ्याला दिलेलं वचन कुठे लिहिलं जातं? १ मार्च २०२४ ला विधिमंडळात मुख्यमंत्र्यांचं निवेदन : शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि त्यावर महागाईवाढ, कुटुंबाला त्याच्या ६० टक्के. २४ ऑगस्टला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली, दुसऱ्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. देशात पहिलं राज्य म्हणून आपली पाठही थोपटली गेली. निवेदन, निर्णय, परिपत्रक, शुद्धिपत्रक. जो कागद एका अवर सचिवाच्या सहीने येतो तो दुसऱ्याच्या सहीने जातो. भाऊ विचारतो, पन्नास टक्के नक्की का? मी त्याला काय दाखवू?

१७ डिसेंबर १९८२ ला नाकरा खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे. पेन्शनर मंडळी हा दिवस अजून पाळतात, वडीलही जातात. गेल्या वर्षी मी वित्त अधिनियम २०२५ कलमवार वाचत होते. आम्हाला तो वाचावाच लागतो, तोही मागच्या पानांपर्यंत. तिथे कराच्या तरतुदींच्या मागे केंद्रीय पेन्शनरांच्या नियमांना वैध ठरवणारी तरतूद सापडली. निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांचे गट पाडण्याचा अधिकार केंद्राला आहे, आणि तो १ जून १९७२ पासूनच होता, असं समजायचं. पूर्वलक्षी. व्होडाफोनवर २०१२ मध्ये पूर्वलक्षी कर लावला तेव्हा आम्ही सगळ्या कर-वकिलांनी आभाळ डोक्यावर घेतलं होतं. हेगच्या लवादापर्यंत प्रकरण गेलं, २०२१ मध्ये तो कर मागे घेतला आणि वसूल केलेले पैसे परत दिले. पेन्शनरांच्या पूर्वलक्षी तरतुदीसाठी हेग नाही. ही तरतूद केंद्राची आहे, तुमची नव्हे, हे मला कळतं. दिल्लीचं पाहून मंत्रालयात कोणाला तशीच कल्पना सुचू नये, म्हणून लिहिलं.

तुमच्याकडे मागणं तसं जुनंच आहे. गिरणीमालकाला जे लावलंत ते स्वतःला लावून घ्या. अनुच्छेद २८९ केंद्राला तुमच्यावर कर लावू देत नाही, पण विधानसभेला तुमच्यावर शिस्त लावण्यापासून तो अडवत नाही. एक छोटा कायदा करा. पगारबिल पास झालं, की दोन्ही हिस्से अमुक तारखेपर्यंत खात्यात, ‘अनुदान आलं की’ हा शब्दप्रयोग त्या कायद्यात नसावा. तारीख चुकली तर व्याज आपोआप, अर्ज न करता. दर मी सुचवायची गरज नाही, कापलेल्या कराला जो लागतो तोच महिना दीड टक्का लावा. १२,००० वर महिन्याला १८० रुपये होतात. रक्कम लहान दिसते, पण लाखो खात्यांना गुणून पाहा, म्हणजे तुमच्याच विभागातून दर महिन्याच्या शेवटी जिल्हा परिषदांना फोन जायला लागतील.

पन्नास टक्क्यांचं वचनही त्याच कायद्यात लिहा, आणि ते पाळायला लागणारा निधी राज्याच्या रोजच्या खर्चाच्या हिशेबातून बाहेर काढा, परत घेता येणार नाही अशा ट्रस्टमध्ये. मान्यताप्राप्त निधीचे नियम तयार आहेत, मसुदा मी फुकट करून देईन. माझ्या अशिलांना दरवर्षी ॲक्च्युअरी, म्हणजे असल्या देण्यांचं गणित मांडणारा तज्ज्ञ, बोलावून पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीचं आजचं मूल्य ताळेबंदात दाखवावं लागतं. राज्याचे हिशेब रोकडीवर चालतात, तिथे यंदा दिलेली पेन्शन दिसते, पुढची दिसत नाही. अर्थसंकल्पाबरोबर तो एक आकडा छापा. आकडा भीतिदायक असेल, हे धरून चालते. तो दिसला तर मला आणि भावाला निदान एकाच कागदावर भांडता येईल.

पाच महिन्यांचं तेवढं लगेच बघा. त्या वर्षाचा प्राण खात्याचा उतारा आणि २६ एएस, दोन्ही सोबत जोडले आहेत. नाव, शाळा आणि प्राण क्रमांक मी पांढऱ्या शाईने झाकला आहे. भावानेच तसं करायला सांगितलं. त्याला २०४१ पर्यंत याच जिल्हा परिषदेत नोकरी करायची आहे.

आपली,
एक कर-वकील,
बार्शी तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींची मुलगी